मोराखालची तीन अक्षरं

"तू काही करायचं नाहीस," सरोदे मॅडम म्हणाल्या.

"काहीच नाही?"

"शेवटपर्यंत काहीच नाही. गाडी या तीन अक्षरांवर येऊन थांबली की यायचं, शेवटच्या पोराचा गाडीवरचा हात सोडवायचा आणि बाजूला व्हायचं. जमेल?"

मी विचार केल्यासारखं केलं. बारा वर्षांच्या शिक्षणात माझे गुण ओळखून दिलेलं हे पहिलंच काम होतं.

"जमेल, मॅडम. सराव किती दिवस करायचा?"

"भंगाळे, शर्टाला कागद लाव."

कागदावर लिहिलं होतं, 'सोडवणारा'.

आमचं कॉलेज म्हणजे शाळेच्याच मागच्या पाच खोल्या. समोर मैदान, मैदानापलीकडे फाटक, फाटकापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे थेट रावेरपर्यंत केळी. बारावी सायन्सला आम्ही तेवीस जण होतो. आदल्या वर्षी तपासणी समिती येऊन शेरा मारून गेली होती : 'पाठांतर उत्तम. आकलनाबाबत शंका.' शंका रास्त होती. आमच्यातल्या काहींना व्याख्या इतक्या पाठ होत्या, की मधेच अडवलं तर पहिल्यापासून सुरू कराव्या लागत.

या वर्षी समिती शेवटची येणार होती. शंका राहिली तर सायन्स शाखा बंद. आम्ही बावीस किलोमीटरवर तालुक्याला जाणार, आमच्यातल्या नऊ मुली बहुधा घरी बसणार, आणि सरोदे मॅडम कुठेच नसणार. मॅडम नऊ वर्षं तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे रोज यायच्या, रोज शिकवायच्या आणि कागदोपत्री कधी आलेल्याच नव्हत्या. त्यांच्या मान्यतेची फाइल सायन्सच्या फाइलला टाचून ठेवली होती. एक गेली की दुसरी जाणार.

म्हणून मॅडमनी ठरवलं, की या वेळी पाठांतर दाखवायचंच नाही. पेशी प्रथिन कसं बनवते ते मैदानावर करून दाखवायचं. माणसं घेऊन.

"मूळ प्रत ऑफिसातल्या कपाटात असते," त्यांनी आम्हाला समजावलं होतं. "ती बाहेर येत नाही. तुमच्या दाखल्याचं रजिस्टर कधी बाहेर आलंय? नक्कल बाहेर येते. तसंच हे. पेशीच्या कपाटातून एका प्रथिनापुरती नक्कल निघते आणि बाहेर येते. त्यात चारच अक्षरं. ए, यू, जी, सी. तीन-तीनच्या गटानं वाचायची."

नक्कल मैदानावर चुन्यानं काढायची होती. वाचणारं यंत्र म्हणून गौरव नेहेतेच्या काकांची केळीची लोटगाडी होती. गौरव गाडीवर उभा राहून तीन अक्षरं मोठ्यानं वाचणार. ज्याच्या गळ्यात त्या तीन अक्षरांना जुळणारी पाटी, तो वाहक आठवीतलं एक पोरगं घेऊन धावत येणार. पोरगं म्हणजे माळेतला एक मणी. त्यानं एका हातानं गाडी धरायची, दुसऱ्या हातानं आधीच्या पोराचा हात. आधीच्यानं गाडी सोडायची. मग गाडी तीन अक्षरं पुढे. असे बारा मणी झाले, की यू ए ए ही तीन अक्षरं येतात. त्यांना जुळणारी पाटी कुणाकडेच नसते. गाडी थांबते. मग मी.

"आणि गाडी थांबली नाही तर?" गौरवनं विचारलं होतं.

"थांबते," मॅडम म्हणाल्या. "एक लक्षात ठेवा. पेशीत कुणालाही अक्कल नसते. कुणी विचार करत नाही, कुणी कुणाला सांगत नाही. जुळलं तर चिकटायचं, नाही जुळलं तर नाही. मैदानावरही तसंच. कुणी डोकं चालवायचं नाही."

मला पेशी हे खातं आवडायला लागलं होतं.

अक्षरं काढायचं काम पीटीचे फालक सर करणार होते, कारण चुन्याचा डबा त्यांचा होता आणि तो ते कुणाला देत नसत. ते ओळीनं अक्षरं काढत स्टेजसमोर आले, यू ए ए काढलं आणि कंबर धरून उभे राहिले.

"झालं?"

"नाही सर, शेपूट राहिलं," मॅडम म्हणाल्या. "नकलेला मागे नुसत्या ए-ए-एचं शेपूट असतं. नक्कल लवकर झिजू नये म्हणून. मधला थोडा भाग मी जागेसाठी गाळलाय."

"किती काढू?"

मॅडम पाट्या तपासत होत्या. "खरं तर दोनशेपर्यंत असतात," त्या म्हणाल्या.

त्यांना नुसती माहिती द्यायची होती. फालक सरांना माहिती आणि आदेश यांत फरक करायची सवय नव्हती. अर्ध्या तासानं त्यांचं शेपूट फाटकातून बाहेर पडलं, रस्त्याच्या कडेनं एसटीच्या थांब्यावरून गेलं आणि चहाच्या हॉटेलासमोर संपलं. सरांनी परत येताना मोजलं. दोनशे भरले.

हे आदल्या दिवशीचं. तपासणीच्या दिवशी सकाळी मी माझ्या जागेवर गेलो आणि माझी जागा तिथे नव्हती.

यू ए ए होतं तिथे मोर होता.

दोष कुणाचाच नव्हता. कार्यक्रम म्हटला की प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीसमोर रांगोळी, हे आमच्याकडे घटनेत लिहिल्यासारखं आहे. अकरावीच्या मुली सात वाजता आल्या, खुर्च्यांसमोर सडा टाकला, गेरू फिरवला आणि सहा फुटांचा मोर काढला. पिसाऱ्यावर 'सुस्वागतम्'. मोर सुंदर होता. माझी तिन्ही अक्षरं त्याच्या पोटात गेली होती.

मी मॅडमकडे बघितलं. त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. जाऊन सांगावं असं वाटलं. मग आठवलं, शेवटपर्यंत काही करायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादी सूचना तंतोतंत पाळायचं ठरवलं.

साडेदहाला समिती आली. दोन माणसं. अध्यक्ष बाविस्कर साहेब, उंच, हातात फाइल. दुसरे सदस्य काही बोलत नसत. नारळ झाला, गुलाबाची फुलं झाली. मुख्याध्यापक चौधरी सर म्हणाले, "आता आमची मुलं आपल्यासमोर एक पेशी सादर करतील," आणि खाली बसले.

सुरुवात चांगली झाली. गौरवनं खणखणीत आवाजात 'ए यू जी' वाचलं, पहिलं पोरगं आलं. गाडी पुढे. दुसरं आलं. तिसरं आलं. बाविस्कर साहेब खुर्चीत थोडे पुढे सरकले. पाचव्याला 'ए ए ए' आलं आणि प्रज्ञा तायडे आठवीतला एक पोरगा घेऊन धावली. ए ए एची पाटी तिच्याकडे होती. तिच्या पोरांच्या छातीवर 'लायसिन' असं मण्याचं नाव लिहिलेलं. प्रज्ञा वर्गात पहिली यायची. तिला एकदा काम सांगितलं की ते संपलं असं पुन्हा सांगावं लागे. दहाव्याला परत ए ए ए, परत प्रज्ञा. बारावा मणी चढला. गाडी पुढे सरकली आणि मोराच्या चोचीला लागली.

गौरवनं वाचायला तोंड उघडलं. मग हळूच म्हणाला, "मोर आहे."

गाडी ढकलणाऱ्या दोघांनी मोराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी आभाळाकडे बघितलं.

"काय करू भो?" गौरव कुजबुजला.

अक्षरं दिसत नव्हती, गाडी त्यांच्यावर थांबली नव्हती, मला यायचं कारण नव्हतं. रांगोळीवरून गाडी घालायची हिंमत कुणातच नव्हती, तेव्हा त्यांनी ती मोराला वळसा घालून पलीकडे नेली. पलीकडे स्वच्छ चुन्यात पुढचं लिहिलेलं होतं.

"ए ए ए," गौरवनं वाचलं.

प्रज्ञा निघाली.

तिच्याकडची दोन्ही लायसिन संपली होती. ती क्षणभरच थांबली. मग रांगेत नुसत्या बसलेल्या एका पोराचा हात धरला आणि गाडीवर नेऊन लावला. गाडी पुढे. ए ए ए. अजून एक. ए ए ए. अजून एक. आठवीची पोरं संपली तेव्हा तिनं नववी सुरू केली. माळ गाडीमागे लांबत चालली होती, आणि हातात हात धरलेली पोरं मोराला वळसा घालून खुर्च्यांसमोरून सरकत होती.

"हे किती मोठं प्रथिन आहे?" बाविस्कर साहेबांनी विचारलं.

"मोठंच आहे साहेब," चौधरी सर म्हणाले. त्यांचा विषय इतिहास होता.

नववी संपली. प्रज्ञानं चहाचा ट्रे घेऊन निघालेल्या आमच्या शिपाई तडवी मामांना धरलं. "पोरी, चहा आहे," मामा म्हणाले. "ट्रे त्या हातात घ्या मामा," प्रज्ञा म्हणाली. त्यांच्यामागून फालक सर गेले. आपणच काढलेल्या अक्षरांवर चालताना त्यांची चाल जरा ताठ झाली होती. मग प्रज्ञा खुर्च्यांपाशी आली. न बोलणाऱ्या सदस्यांपुढे हात केला. ते उठले. मला वाटतं, तिला नाही म्हणता येतं हे त्यांना सुचलं नाही. ते एक्केचाळिसावे लागले.

माळ फाटकाबाहेर पडली. थांब्यावर उभी असलेली माणसं प्रज्ञानं ओळीनं उचलली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बऱ्हाणपूर का?" आणि उत्तराची वाट न बघता हात दिला. मग केळीच्या ट्रकवरचे हमाल आले, लग्नपत्रिका वाटत फिरणारे दोघे आले आणि त्यांनी माळेतही पत्रिका वाटल्या.

आणि हॉटेलासमोर गाडी थांबली.

"मॅडम," गौरव वरून ओरडला, "दोनच ए उरलेत. तिसरा नाही."

मी मोजलं. बारा आणि सहासष्ट, अठ्ठ्याहत्तर. स्टेजपासून हॉटेलपर्यंत अठ्ठ्याहत्तर माणसं एकमेकांचे हात धरून उभी होती. अठ्ठ्याहत्तरावे हॉटेलमालक होते. त्यांनी गाडी घट्ट धरली होती. खूप शांत वाटत होतं. पुढे जाता येत नव्हतं, सुटताही येत नव्हतं. प्रज्ञा तिसऱ्या एची वाट बघत तयार उभी होती.

बाविस्कर साहेब माळेच्या बाजूबाजूनं चालत हॉटेलपर्यंत आले. मागे चौधरी सर. त्यांच्या मागे मॅडम. शेवटी मी, कारण माझ्या शर्टाला कागद होता आणि कुठेतरी तर जायला हवं होतं.

"साहेब, हे ठरवूनच केलंय," चौधरी सर म्हणाले. "विज्ञानात समाजाचा सहभाग."

"ठरवून?" साहेबांनी मॅडमकडे बघितलं. "हे असंच व्हायचं होतं?"

मॅडमनी नुसतं हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. चौधरी सर मानेनं हो-हो करत होते. पण मॅडमना खोटं बोलायचा सराव नव्हता. तो मला होता. माझ्याकडे त्या क्षणी तीन थापा तयार होत्या आणि तिन्ही चांगल्या होत्या.

"तू कोण?" साहेबांनी माझा कागद वाचला. "सोडवणारा. मग सोडव."

"मला येता येत नाही, सर."

"का?"

"चुकलं सर," मी म्हणालो. "ठरवलेलं नव्हतं. बाराव्याला संपायचं होतं. माझी तीन अक्षरं मोराखाली गेली. ती दिसली तरच गाडी थांबते आणि मग मी. ती दिसली नाहीत म्हणून गाडी शेपटात शिरली. शेपटात नुसते ए असतात म्हणून नुसती लायसिन लागत गेली."

चौधरी सरांनी डोळे मिटले.

"म्हणजे सगळंच फसलं," साहेब म्हणाले.

"नाही सर. पेशीतही हे होतं."

"काय होतं?"

"हेच. थांबायची खूण बिघडली की गाडी शेपटात जाते. पुढे कागदच संपतो. मग ती अडकते. मला बोलावणारं अक्षर नाही, म्हणून मी येत नाही. मागे दुसरी गाडी असेल तर ती येऊन हिच्यावर आपटते. मग वेगळी टोळी येते. ती अक्षरं बघत नाही, गाडी अडकलीय एवढंच बघते. ती गाडीचे दोन तुकडे करून तिला सोडवते, म्हणजे ती परत कामाला लागते. नक्कल कुरतडून टाकते, म्हणजे पुन्हा कुणी ती वाचू नये. आणि ही जी चुकीची माळ झाली," मी अठ्ठ्याहत्तर जणांकडे हात केला, "हिला एक खूण लावतात. खूण लागलेली माळ तोडून टाकतात आणि सुटे मणी दुसऱ्या माळेला वापरतात. मूळ प्रत कपाटातच असते, तिला काही होत नाही. दुसरी नक्कल काढायची."

हॉटेलमालक माझ्याकडे बघत होते. "मला तोडणार?" त्यांनी विचारलं.

"फक्त हात, काका."

"हे पाठ करून घेतलं तुझ्याकडून?" बाविस्कर साहेबांचा आवाज बदलला नव्हता.

"नाही सर. पुस्तकात नाही हे. मीच विचारलं होतं मॅडमना, मी आलोच नाही तर काय होईल? मला त्या दिवशी दांडी मारायची होती. त्यांनी चाळीस मिनिटं सांगितलं. तास संपला होता."

"बरं. मग सुरुवात कशी होते? गाडीला पहिलं अक्षर कसं सापडतं?"

"माहीत नाही सर."

"माहीत नाही?"

"ते गौरवचं काम आहे. मी शेवटाला आहे."

साहेबांनी फाइल उघडली, काहीतरी लिहिलं, परत मिटली. न बोलणाऱ्या सदस्यांनी लांबून, फाटकापाशी हात धरून उभ्याउभ्या, त्या दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"आम्ही सोडू का हात?"

"टोळी आल्याशिवाय नाही, सर," मी ओरडून सांगितलं.

"टोळी कोण?" बाविस्कर साहेबांनी विचारलं.

मी आजूबाजूला बघितलं. गावात माळेत नसलेलं असं फारसं कुणी उरलं नव्हतं.

"बाहेरून आलेले तुम्हीच आहात, सर."

साहेबांनी फाइल काखेत धरली आणि हॉटेलमालकांचा हात गाडीवरून सोडवला. मग त्यांचा हमालाच्या हातातून. मग हमालाचा पुढच्याच्या. एकेक हात सोडवत ते रस्त्यानं परत निघाले, फाटकातून आत गेले, आपल्या सहकाऱ्यांना सोडवलं, तडवी मामांना सोडवताना ट्रेमधला गार झालेला चहा घेतला, आणि आठवीच्या पहिल्या पोरापर्यंत जाऊन मगच आपल्या गाडीत बसले. बऱ्हाणपूरच्या म्हाताऱ्याची बस तेवढ्यात गेली होती.

त्यांचा शेरा अठरा दिवसांनी आला. 'पाठांतर अपुरे. आकलन आहे. शाखा चालू ठेवावी.' मॅडमच्या मान्यतेला त्यानंतरही दोन वर्षं लागली, पण फाइल टाचलेलीच राहिली. हे सगळं नंतरचं. त्या दुपारी यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. त्या दुपारी चौधरी सर ऑफिसात दार लावून बसले होते आणि सगळे घरी गेले होते. मॅडम आणि मी दोन खराटे घेऊन मैदान झाडत होतो. मला थांबायला कुणी सांगितलं नव्हतं. जायलाही नव्हतं.

मॅडम शेपटाकडून झाडत आल्या, मी ए यू जीकडून. मोरापाशी भेटलो. दोघांनीही खराटा फिरवला नाही.

"मॅडम," मी म्हणालो, "मला एक सांगायचंय. मी सोडवू शकलो असतो. अक्षरं दिसत नव्हती, पण मला जागा पाठ होती. बाराव्यालाच जाऊन हात काढला असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मी नारळाच्या वेळी बघितला मोर. हाक मारायला तोंडही उघडलं होतं." त्या खराट्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. "तू का नाही गेलास?"

"तुम्ही म्हणाला होतात, डोकं चालवायचं नाही."

"भंगाळे."

माझ्याकडे अजूनही तीन थापा होत्या.

"पुढे काय होतं ते बघायचं होतं," मी म्हणालो. "तुम्ही फळ्यावर सांगितलं होतं तसंच होतं का ते. मला तुमच्या फाइलचं माहीत होतं, मॅडम. तरी बघायचं होतं."

मॅडम मोराकडे बघत राहिल्या. नऊ वर्षं ज्या मैदानावर त्या कागदोपत्री कधी आल्याच नव्हत्या, तिथे गौरवची रिकामी लोटगाडी ऊन खात उभी होती.

"मलाही," त्या म्हणाल्या.